कबर नाही, पण नाव आहे : नाईक यशवंत घाडगे

इटलीत रोमच्या दक्षिणेला कॅसिनो नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर डोंगर आणि डोंगरावर जुना ख्रिस्ती मठ. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत या डोंगरासाठी चार मोठ्या लढाया झाल्या. आज पायथ्याशी राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांचं युद्ध कब्रस्तान आहे. चार हजारांहून जास्त कबरी, सगळ्या एकाच मापाच्या, ओळीनं मांडलेल्या. मधोमध पाण्याचा हौद आणि त्याच्या कडेनं हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा. इटलीच्या लढाईत मारले गेले, पण ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं या शिळांवर कोरलेली आहेत.

त्यातलंच एक नाव कोकणातल्या एका बावीस वर्षांच्या मराठी पोराचं आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाईट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस.

बेळगावच्या कॅम्प भागातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला मराठा लाईट इन्फंट्री काय आहे हे सांगावं लागत नाही. पण याच रेजिमेंटच्या या जवानाची कथा माणगाव परिसर आणि फौजी घराणी सोडली तर फारशी सांगितली जात नाही. ती सांगताना त्याच्या शौर्याबरोबर मेलेल्या शिपायाचं नाव शिल्लक राहतं की नाही, हाही विषय येतोच. कारण त्यांच्याच पलटणीतल्या आदल्या पिढीला ते भाग्य लाभलं नव्हतं.

माणगावचा मुलगा, मराठ्यांची पलटण

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. भातशेतीचा आणि भरपूर पावसाचा हा मुलूख. तुकड्यातुकड्यांची जमीन सगळ्या घराला वर्षभर पुरायची नाही. मग कुणी मुंबईच्या गिरणीत जायचं, कुणी फौजेत. कोकण आणि घाटावरच्या अनेक गावांत फौजेची नोकरी पिढ्यानपिढ्या चालत आलेली. महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर आणि पुढे पेन्शन, याला गावात मोठी किंमत होती.

मराठी जवानांची ही परंपरा जुनी आहे. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. १९२२ मध्ये ब्रिटिशांनी हिंदी फौजेची फेररचना केली, तेव्हा मराठ्यांच्या वेगवेगळ्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री तयार झाली. तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला आलं आणि ते आजतागायत बेळगावातच आहे. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर, बेळगाव अशा भागांतली पोरं इथं रंगरूट म्हणून यायची आणि शिपाई होऊन बाहेर पडायची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कवायतीच्या मैदानावर आज वेगवेगळ्या राज्यांत असलेल्या गावांची मुलं एका रांगेत उभी असायची.

यशवंत घाडगे या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. ही पलटण म्हणजे पूर्वीची ११० वी मराठा लाईट इन्फंट्री. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १९४१ मध्ये ती आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेशी लढली. चढ उभा, अंगावर टळटळीत ऊन, वरून गोळीबार, आणि पाणी-दारूगोळा पाठीवर वाहून न्यायचा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष रेजिमेंटची युद्धगर्जना म्हणून याच मोहिमेत रूढ झाला, असं रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. केरेनमध्ये पलटणीचे प्रमुख होते डेनिस रीड. तेच पुढे मेजर जनरल झाले आणि इटलीत १० व्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून आले. त्याच डिव्हिजनमध्ये त्यांची ही जुनी पलटणही होती.

टायबरच्या खोऱ्यात

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. भारतीय सैनिकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. मे १९४४ मध्ये कॅसिनो पडलं आणि ४ जूनला दोस्त फौजा रोममध्ये शिरल्या. नकाशावर पाहिलं तर आता जर्मन पळत सुटले आणि मागून दोस्त धावले, असं वाटेल. प्रत्यक्षात तसं नव्हतं. उत्तरेकडे डोंगरांच्या आडव्या रांगेत जर्मनांची नवी संरक्षणफळी बांधली जात होती. तिचं नाव गॉथिक लाईन. ती पुरी होईपर्यंत वेळ काढायचा, म्हणून मागे हटणारी जर्मन फौज प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर, प्रत्येक शेतघरात मशीनगन लावून बसत होती. एक ठाणं घ्यायचं, माणसं गमवायची, आणि पुढच्या टेकडीवर पुन्हा तेच.

टायबर ही रोममधून वाहणारी नदी. तिच्या वरच्या अंगाचं खोरं उंब्रिया प्रांतात आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, द्राक्षाचे मळे, ऑलिव्हची झाडं, आणि टेकड्यांच्या माथ्यावर तटबंदीची छोटी गावं. मोन्तोने हे त्यातलंच एक गाव. जुलै १९४४ मध्ये १० वी भारतीय डिव्हिजन या खोऱ्यातून उत्तरेकडे लढत निघाली होती.

यशवंत घाडगे यांचा हुद्दा नाईक. हवालदाराच्या खालचा हा हुद्दा आणि हाताखाली एक सेक्शन, म्हणजे साधारण दहा माणसांची तुकडी. नाईकाला आपल्या सेक्शनमधला प्रत्येक जण नुसता नावानं नव्हे, तर गावानं माहीत असतो. कुणाच्या घरी लग्न ठरलंय, कुणाचं पत्र आलेलं नाही, कुणाच्या पायाला फोड आलेत, हे सगळं त्याच्या कानावर असतं. हल्ल्याचा हुकूम वरून येतो. पण माणसांना उठवून पुढे नेण्याचं काम नाईकाचं असतं.

१० जुलै १९४४

त्या दिवशी कंपनीनं जर्मनांच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे यांचा सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. काही क्षणांत सेक्शन संपला. एक नाईक सोडला, तर बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी होऊन पडले.

अशा वेळी जमिनीला चिकटून राहायचं आणि मागून मदत यायची वाट बघायची, हा पर्याय कुणालाही सुचला असता. त्यात कमीपणाही नव्हता. पण मशीनगन चालू होती तोवर जखमी पडलेल्या माणसांना कुणी हात लावू शकत नव्हतं आणि मागच्या कंपनीलाही पुढे येता येत नव्हतं.

घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक दोन्ही गार झाले. मग टॉमीगननं त्या तोफ्यांपैकी आणखी एकाला टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवं मॅगझीन चढवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून उरलेल्या दोघांना ठार केलं.

ठाणं हाती आलं. पण आसपास दबा धरून बसलेल्या जर्मन नेमबाजांनी त्यांना टिपलं. छातीला आणि पाठीला गोळ्या लागल्या. जे ठाणं त्यांनी एकट्यानं घेतलं, तिथंच त्यांनी प्राण सोडला.

वाचताना हे थरारक वाटतं. पण शेवटचा भाग थोडा थांबून वाचायला हवा. बंदुकीच्या दस्त्यानं माणूस मारणं म्हणजे हाताच्या अंतरावरची लढाई. समोरचेही तरुणच असणार, तेही कुठल्यातरी गावातून आलेले. युद्ध बावीस वर्षांच्या माणसाकडून काय करून घेतं, हे त्या काही मिनिटांत दिसतं.

लाल किल्ल्यातला दिवस

२ नोव्हेंबर १९४४ च्या सरकारी गॅझेटमध्ये यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश फौजेतला शौर्याचा हा सर्वोच्च मान. १९११ पर्यंत तो हिंदी सैनिकाला मिळूच शकत नव्हता. त्याच वर्षीच्या दिल्ली दरबारात तो नियम बदलला. इटलीच्या संपूर्ण मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैनिकांचे. त्या सहांपैकी दोन मराठा लाईट इन्फंट्रीचे. दुसरे मानकरी पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं आणि मग एकट्यानं मशीनगनची ठाणी उडवली. नामदेव जाधव जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडगे यांना ते मिळालं नाही.

३ मार्च १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाईसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते हे पदक देण्यात आलं. ते घ्यायला पळसगावहून यशवंतांची पत्नी लक्ष्मीबाई आल्या होत्या. नवऱ्याचं शेवटचं दर्शन नाही, अंत्यविधी नाही. हातात आलं ते किरमिजी फितीचं काशाचं पदक.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला सुरू झाला आणि सगळा देश पेटून उठला. दोन वर्षांत स्वातंत्र्य आलं. या नव्या कथेत ब्रिटिशांच्या झेंड्याखाली लढून मेलेल्या जवानाला जागा कुठे द्यायची, हे कुणालाच नीट कळलं नाही. तो गद्दार नव्हता, पण स्वातंत्र्यसैनिक म्हणूनही त्याची नोंद होणार नव्हती. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मारले गेले. त्यांच्या घरी फोटो राहिले, पदकं राहिली. पाठ्यपुस्तकात मात्र ते आले नाहीत.

देह नाही, मग काय उरतं?

पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर या इंग्रज माणसानं सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि १९१७ मध्ये त्यासाठी आयोग स्थापन झाला. आजचं राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणतात ते हेच. नियम ठरले ते असे : मृतदेह मायदेशी न्यायचा नाही, जिथं पडला तिथंच विसावा. जनरल असो वा शिपाई, दगड सारखाच. आणि प्रत्येकाचं नाव कुठंतरी कोरलेलं असलंच पाहिजे.

आपल्याकडे याचं उदाहरण पुण्यात आहे. खडकीच्या युद्ध कब्रस्तानात दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक कबरी आहेत. त्यात बरेच ब्रिटिश आहेत. देखभालीची खात्री नाही अशा पश्चिम आणि मध्य भारतातल्या ठिकाणांहून अनेक कबरी इथं हलवून आणल्या. तिकडच्या गावांतली पोरं खडकीत आणि इकडच्या गावांतली कॅसिनोत.

हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, त्यामुळे त्यांना कबर नसते. इटलीत फोर्ली, सांग्रो इथल्या कब्रस्तानांत अशा सैनिकांची वेगळी दहनस्मारकं आहेत आणि त्यांवर नावं आहेत. ज्यांची कबर माहीत नाही, त्यांची नावं कॅसिनोच्या शिळांवर गेली. यशवंत घाडगे त्यातले. हे स्मारक लुई द स्वासाँ यांनी रचलं आणि ३० सप्टेंबर १९५६ रोजी फील्ड मार्शल अलेक्झांडर यांनी त्याचं अनावरण केलं. इटलीच्या लढाईचे दोस्तांचे सरसेनापती तेच होते.

प्रत्येकाचं नाव कोरायचं हा नियम कागदावर सोपा होता, पण सगळीकडे पाळला गेला नाही. घाडगे यांची पलटण, जुनी ११० वी मराठा, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होती. आजच्या इराकमधल्या कुत शहरात जनरल टाउनशेंड यांची फौज डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत कित्येक जण गेले.

मेसोपोटेमियात कबर न मिळालेल्यांसाठी बसरा इथं स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र भिंतीवर नावं नाहीत. रेजिमेंटचं नाव आणि पुढे इतके शिपाई, असा आकडा. शेतातून उठून मेसोपोटेमियात जाऊन मेलेला कोकणातला, कोल्हापूरचा, बेळगावचा माणूस त्या भिंतीवर फक्त संख्या होऊन राहिला. ही विषमता जगासमोर नीट मांडली जायला शंभर वर्षं लागली. २०२१ मध्ये आयोगानं नेमलेल्या समितीनं आशिया आणि आफ्रिकेतल्या सैनिकांच्या बाबतीत समानतेचं तत्त्व पाळलं गेलं नाही, असा अहवाल दिला. आयोगानं जाहीर माफी मागितली आणि राहून गेलेली नावं शोधण्याचं काम हाती घेतलं.

म्हणून कॅसिनोच्या शिळेवरच्या नावाची किंमत मोठी आहे. एकाच पलटणीची एक पिढी बसऱ्याला आकडा झाली आणि पुढची पिढी कॅसिनोला नावानिशी नोंदली गेली. त्या शिळेवर घाडगे यांचं नाव काही मोठ्या अक्षरांत नाही. हुद्द्याप्रमाणे, अक्षरक्रमानं, त्याच रेजिमेंटच्या इतर जवानांबरोबर ते आहे. पुढे व्हिक्टोरिया क्रॉसची खूण आहे, एवढाच फरक. ज्यांना पदक मिळालं नाही त्यांची अक्षरंही तेवढीच खोल कोरलेली आहेत. १० जुलैला सेक्शन पडला तेव्हा पदक एकाला मिळालं, पण मशीनगनसमोर सगळेच गेले होते.

माणगाव ते मोन्तोने

माणगावला तहसील कार्यालयासमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. दाखला काढायला, सातबारा घ्यायला येणारी माणसं रोज त्यापुढून जातात. बेळगावात रेजिमेंटच्या इतिहासात त्यांचं नाव मानाचं आहे. त्यांची तिसरी पलटण स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते.

आणि इटलीतही लोक त्यांना विसरलेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये मोन्तोने इथं नगरपालिका आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांच्या पुढाकारानं यशवंत घाडगे स्मारकाचं अनावरण झालं. भारताच्या राजदूत आणि इटलीच्या लष्कराचे प्रतिनिधी हजर होते. या स्मारकात पुतळा नाही, तोफ नाही, विजयस्तंभ नाही. ते सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाची.

ज्या गावाला यशवंत घाडगे यांची भाषा कळत नव्हती, ज्यांनी त्यांना जिवंतपणी कधी पाहिलं नसेल, त्यांनी ऐंशी वर्षांनी त्यांचं नाव दगडावर लिहिलं. आपल्या बाजूचं काम त्यापेक्षा सोपं आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे, बेळगावपासून कोकणापर्यंत, अजून कित्येक घरांत आजोबा-पणजोबांची जुनी पदकं ट्रंकेत पडून आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवर बहुतेकदा एक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कडेला कोरलेली असते. आयोगाच्या नोंदी आज कुणालाही मोफत बघता येतात. त्या कडेवरची अक्षरं झिजण्याआधी वाचून वहीत उतरवून ठेवली, तर आणखी एक शिपाई आकडा व्हायचा वाचेल.